डायलिसिसचे चार तास आणि मांडीला लावलेला करंट

डायलिसिस संपतं, सिस्टर सुया काढते आणि जिथून सुया निघाल्या तिथे कापसाची घडी दाबून धरायला सांगते. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी धमनी शिरेला जोडलेल्या हातावर कापूस, त्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा. रक्त थांबून पट्टी बसली तरी त्या हातावर भार द्यायचा नसतो आणि दुसरा हात सवयीने पट्टीवरच राहतो. चार तास पडून राहिलेल्या, अंगातलं दोन-तीन लिटर पाणी नुकतंच काढलेल्या माणसाला आता खुर्चीतून उठायचं असतं, ते निव्वळ मांड्यांच्या जोरावर. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मिरजेत डायलिसिसच्या वॉर्डात जायला लागले तेव्हापासून माझं लक्ष या एका क्षणाकडे असतं. कोण कसं उठतं यावरून त्याचं घरचं आयुष्य कळतं. रात्री संडासला एकटा जातो का, एसटीची पायरी चढतो का, लग्नाच्या पंगतीत खाली बसायला घाबरतो का.

द्राक्षबाग असलेले एक काका आठवड्यातून दोनदा यायचे. पहिल्या दोन झटक्यांत अर्धवट उठून परत बसायचे, तिसऱ्या झटक्याला मुलगा काखेत हात घालायचा. एकदा मला म्हणाले, "म्याडम, किडनी गेली ती गेली. पण पायांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं वो?"

प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर आणि त्यावरचा एक उपाय, म्हणजे डायलिसिस चालू असताना विजेच्या सौम्य करंटने स्नायूंना दिलेला व्यायाम, हे दोन्ही इथे सांगते. या उपायाबद्दल आपल्याकडे दोन टोकं दिसतात. काहींना तो जादूचा वाटतो, काहींना 'शॉक' म्हटलं की घाम फुटतो. तो या दोन्हींपैकी काहीच नाही.

पाय का जातात

किडनी म्हणजे फक्त लघवीची चाळणी, असा आपला समज असतो. ती रक्तातलं आम्लही बाहेर काढते, ड जीवनसत्त्व वापरण्याजोगं करते, रक्त तयार करायचा निरोप हाडांच्या मगजाला धाडते. ती बंद पडली की ही सगळी कामं अडतात आणि त्यातली बरीचशी स्नायूंच्या मुळावर येतात. रक्तात आम्ल साचलं की शरीर स्नायूंमधली प्रथिनं मोडायला लागतं. आतल्या आत बारीक दाह चालू राहतो, तोही स्नायू झिजवतो. रक्त कमी, म्हणजे स्नायूला प्राणवायू कमी. तोंडाची चव गेलेली, मळमळ, त्यामुळे पोटात अन्न जात नाही ते वेगळंच.

त्यात डायलिसिस. मिनिटाला साधारण ३०० मिली रक्त मशीनमधून फिरतं आणि तिथल्या चाळणीसारख्या पडद्याच्या पलीकडून मिनिटाला ५०० मिली डायलिसिसचं पाणी वाहतं. चार तासांचा हिशेब केला तर १२० लिटर पाणी. एवढ्या धुलाईत घाणीबरोबर कामाचंही थोडं वाहून जातं. एका सिटिंगला साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, त्या पाण्यातून जातात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे दर वेळी एक-दोन अंड्यांएवढा माल गेला. तो खाऊन भरून काढावा लागतो.

इथेच एक घोळ मी घरोघरी बघते. डायलिसिस सुरू होण्याआधी डॉक्टरांनी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात. तेव्हा ते बरोबरच असतं. पण डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो. आता वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. घरात मात्र जुनंच पथ्य चालू असतं: आमटीचं वरचं पाणी, भात, बिनतेलाची भाजी. घरची माऊली जीव ओतून पथ्य सांभाळत असते आणि त्याच पथ्याने मांडीची काठी होत जाते. तिचा यात काही दोष नाही. तिला कुणी बसवून सांगितलेलं नसतं, एवढंच.

आणि मग बसणं. आठवड्याला तीन वेळा चार-चार तास धरले तर वर्षाला ६२४ तास, म्हणजे पुरे २६ दिवस आणि २६ रात्री. शिवाय येण्याजाण्याची दगदग, त्या दिवशीची ग्लानी, दुसऱ्या दिवशी "आज जरा पडूनच राहा." तरण्याताठ्या माणसालाही इतकं बसवून ठेवलं तर त्याचे पाय बारीक होतील.

यातला सगळ्यात फसवा भाग वजनकाट्याचा आहे. डायलिसिसचा माणूस दर खेपेला काट्यावर चढतो, पाणी किती साचलं ते बघायला. पण स्नायू झिजतात तसं त्यांच्या जागी हळूहळू पाणी भरतं. काटा म्हणतो ५८, तीन महिन्यांपूर्वीही ५८, आणि सगळे निर्धास्त. प्रत्यक्षात दोन किलो मांस जाऊन दोन किलो पाणी आलेलं असतं. म्हणून ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं खरं वजन, अधूनमधून डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, आणि म्हणूनच मी काट्यापेक्षा खुर्चीवर जास्त विश्वास ठेवते. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागतात, ही साधी चाचणी घरीही करता येते. फक्त शेजारी कुणीतरी उभं हवं.

विजेने पाय हलतो कसा

चाला, सायकल मारा, हे आम्ही सांगतोच. डायलिसिस चालू असताना खुर्चीसमोर पेडल ठेवून सायकल चालवायचे प्रयोग अमेरिकेत १९८०च्या दशकातच झाले आणि त्याचा फायदा आता सगळीकडे मान्य आहे. ज्याला पेडल मारता येतं त्याने पेडलच मारावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हृदय आणि फुप्फुसाला त्यातून जो व्यायाम मिळतो त्याची बरोबरी करंट करू शकत नाही. पण वॉर्डात अशीही माणसं असतात ज्यांचे गुडघे वाकत नाहीत, ज्यांना दोन मिनिटांत धाप लागते, जी नुकतीच महिनाभराच्या आजारपणातून उठली आहेत, आणि ज्यांची उमेदच संपली आहे. करंट त्यांच्यासाठी आहे.

आपण पाय उचलतो तेव्हा काय होतं? मेंदूतून निरोप निघतो, मणक्यातून आणि नसेतून विजेच्या बारीक लहरीच्या रूपात स्नायूपर्यंत पोचतो, आणि स्नायू आखडतो. शरीरातली ही वीज काही अलीकडचा शोध नाही. इटलीतल्या बोलोन्यात लुइजी गॅल्व्हानी यांनी १७८०च्या दशकात मेलेल्या बेडकाचा पाय विजेने झटकलेला पाहिला आणि १७९१ साली त्याबद्दल लिहिलं. त्या बेडकाला मेंदूचा निरोप मिळणं शक्यच नव्हतं. नसेला बाहेरून वीज मिळाली, तिला तो निरोप वाटला, आणि पाय हलला.

काकांना मी हे विहिरीवरच्या मोटरवर समजावलं. आता मोबाइलवरून मोटर चालू करता येते, पण रेंज नसली की काय करता? विहिरीवर जाऊन स्टार्टरचं बटण दाबता. पाणी तेच, मोटर तीच. मांडीवर करंट देणारे चिकट पॅड लावणं म्हणजे विहिरीवर जाऊन बटण दाबणं. एक बारकावा यात महत्त्वाचा आहे: करंट थेट मांसाला हलवत नाही. तो स्नायूत शिरलेल्या नसेच्या फांद्यांना जागं करतो, कारण नस स्नायूपेक्षा कितीतरी कमी करंटला दाद देते. म्हणून नस शाबूत असेल तरच हे जमतं. मोटरपर्यंतची वायरच तुटली असेल तर बटण दाबून उपयोग नाही.

"पण माझ्या हातात आधीच करंट हाय की," काका म्हणाले, आणि माझा हात धरून आपल्या मनगटाच्या वर ठेवला. त्वचेखाली मधमाश्यांचं पोळं असावं तशी घुरघुर बोटांना लागली. फिस्टुला करताना धमनी शिरेला जोडतात, मग धमनीचं जोराचं रक्त शिरेत खळाळत घुसतं, त्या खळखळीची ती थरथर. तिला थ्रिल म्हणतात. वीज नाही ती, रक्ताचा प्रवाह आहे, आणि ती रोज जाणवलीच पाहिजे. थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. काका इतके महिने ती वीज समजून त्या हाताला मोबाइलसुद्धा लावत नव्हते.

पॅड कसे लावतात ते सांगते. मांडीच्या पुढच्या बाजूला चार डोक्यांचा एक मोठा स्नायू असतो, गुडघा सरळ करणारा. उठणं, पायरी चढणं, सगळं त्याच्यावर. एक पॅड मांडीच्या वरच्या भागात पुढून, दुसरा गुडघ्याच्या थोडं वर, आतल्या बाजूला. डायलिसिसच्या लोकांची त्वचा कोरडी आणि खाजरी असते, म्हणून बरेच जण खोबरेल तेल चोपडून येतात. ते साबणाने धुऊन त्वचा कोरडी करावी लागते, नाहीतर पॅड नीट चिकटत नाही आणि करंट एकाच ठिपक्यात गोळा होऊन चटका बसतो. केस जास्त असतील तर कात्रीने बारीक करायचे, वस्तरा नको. डायलिसिसमध्ये रक्त पातळ ठेवायला हेपरिन देतात, बारीक कापलं तरी वाहत राहतं. आणि पॅड प्रत्येकाचा स्वतःचा, नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवलेला. एकाचा दुसऱ्याला लावायचा नाही.

मग करंट शून्यापासून वाढवत न्यायचा. आधी मुंग्या येतात. थोडं वाढवलं की मांडीत आत कुणीतरी टिचकी मारल्यासारखं. आणखी थोडं, आणि एकाएकी स्नायू गोळा होतो, गुडघ्याची वाटी वर सरकते, टाच गादीवरून किंचित उचलली जाते. काकांचं हे पहिल्यांदा झालं तेव्हा त्यांनी चादर बाजूला करून स्वतःच्या मांडीकडे असं बघितलं, जसं कुणी परक्याच्या पायाकडे बघावं. "मी नाय हलवला," म्हणाले. त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी तो हलला की तुम्हीही मनाने हलवा. मशीनच्या जोडीला आपणही जोर लावायचा. हे फार महत्त्वाचं आहे. नुसतं मशीनवर सोडून झोपी गेलेल्या पायापेक्षा साथ देणारा पाय लवकर सुधारतो, हे मी वारंवार पाहिलंय.

मिरजेतला तानपुरा

मशीनवरचे आकडे बघून लोक बावचळतात, म्हणून फक्त दोन समजून घेऊ. पहिला हर्ट्झ: एका सेकंदात किती ठोके. हे समजायला मिरजेसारखं गाव नाही. इथे सतार-तानपुऱ्याचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बसलेत. तानपुऱ्याची तार एकदा छेडली तर सूर उठतो आणि विरतो. विरायच्या आत पुन्हा छेडली, पुन्हा छेडली, की मधली फट ऐकू येत नाही, एकसंध सूर राहतो. स्नायूचंही तसंच. सेकंदाला पाच ठोके दिले तर पाच सुटे झटके दिसतात. २०-३०च्या पुढे गेलं की झटके एकमेकांत मिसळतात आणि स्नायू एकसंध आखडून राहतो. ताकद वाढवायला साधारण ३५ ते ५० हर्ट्झ वापरतात. दमसासासाठी १०च्या आसपासचे कमी ठोकेही दिले जातात, त्यात स्नायू लवकर थकत नाही.

दुसरा आकडा, काम किती सेकंद आणि आराम किती. पाच ते दहा सेकंद आखडणं आणि मग त्याच्या दुप्पट-तिप्पट, सुरुवातीला त्याहूनही जास्त आराम. आरामात हात आखडता घेतला की पाय दुखतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी पॅड लावू देत नाही. बाकी करंट मिलीअँपिअरमध्ये असतो, एकेक ठोका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी दोन-चारशे भाग इतकाच टिकतो, आणि मशीन बॅटरीवर चालते. घरातल्या प्लगच्या शॉकशी याची तुलना नको.

एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा. कंबरदुखीला शेक देताना लावतात ती टेन्सची मशीन वेगळी. पॅड सारखेच दिसतात, वायरी सारख्याच, पण टेन्स वेदना दाबण्यासाठी संवेदनेच्या नसांना गुंतवून ठेवतं. तिथे स्नायू हलणं अपेक्षितच नसतं. टेन्सने मुंग्या येतील, मांडी भरणार नाही. दुकानात "तेच आहे हो" म्हणून हे हातात देतात, तेव्हा विचारून घ्या.

हा व्यायाम आपल्या नेहमीच्या व्यायामासारखाच आहे का? नाही, आणि फरक समजला तर अपेक्षा योग्य राहतात. ऊसतोडीची टोळी आठवा. चांगला मुकादम काम वाटून देतो: हलक्या कामाला चिवट, न दमणारे गडी आधी, जोराचं काम आलं की दांडगे गडी, आणि एक दमला की दुसरा पुढे. मेंदू स्नायूच्या तंतूंना असंच फिरवतो. मशीनला हे मुकादमपण येत नाही. पॅडखाली जे गडी सापडतील त्यांनाच, लहान-मोठे एकदम, दर वेळी तेच. म्हणून करंटने स्नायू लवकर थकतो, आणि म्हणून आराम लांब ठेवायचा. याची एक चांगली बाजूही आहे. किडनीच्या आजारात विशेषकरून ते दांडगे, झटपट ताकदीचे तंतू झिजतात. अशक्त माणूस स्वतःहून त्यांना हाक मारण्याइतका जोर लावूच शकत नाही. मशीन त्यांच्यापर्यंत थेट पोचते.

याचा उपयोग होतो, याला पुरावा आहे का? चेक प्रजासत्ताक, ब्राझील, स्पेन, जपान या देशांत डायलिसिस चालू असताना मांड्यांना करंट देऊन अभ्यास झाले आहेत. एकेका अभ्यासात वीस ते पन्नास माणसं, चार ते वीस आठवडे. त्यांत मांडीची ताकद वाढलेली दिसली आणि बहुतेक ठिकाणी सहा मिनिटांत चालून होणारं अंतरही वाढलं. चेक अभ्यासात एका गटाला सायकल आणि एका गटाला करंट दिला होता, दोन्ही गट सुधारले. काही अभ्यासांत असंही दिसलं की पायाचे स्नायू हलल्याने तिथलं रक्त फिरतं आणि कोपऱ्यात साचून राहिलेला युरिया धुवायला मदत होते. पण माणसं थोडी, महिने थोडे. यामुळे आयुष्य वाढतं, डायलिसिस कमी होतं, किडनी सुधारते, असं यांतून कुठेही सिद्ध झालेलं नाही. किडनीवर हा इलाजच नाही. कुणी तसं सांगून पट्टा विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

कुणाला नको, आणि का नको

पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारं यंत्र बसवलेलं असेल तर नको. पाय एकाएकी एकीकडेच सुजला, गरम झाला, पोटरी दुखते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे करंट लावला तर गुठळी सुटून फुप्फुसात जायची भीती. आधी तपासणी. गरोदरपण, फिट येण्याचा आजार, पॅडच्या जागी जखम किंवा पुरळ, ताप, अस्थिर हृदयविकार, बीपी फार खाली किंवा फार वर, पोटॅशिअम वाढलेलं, अशा वेळीही नको. फिस्टुलाच्या हाताला, छातीला, मानेला कधीच नाही. जांघेत कॅथेटर असेल तर त्या पायाला नाही. मानेत कॅथेटर असेल तर किडनीच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय मी पॅडच्या पाकिटाला हातही लावत नाही, कारण त्या नळीचं टोक हृदयाजवळ असतं. गुडघ्याची वाटी बदललेली असेल, आत रॉड असेल, तर आधी सांगा.

मधुमेहाबद्दल दोन शब्द जास्त. आपल्याकडे डायलिसिसवर येणाऱ्यांत मधुमेही खूप असतात आणि त्यांच्या पायांची संवेदना गेलेली असते. त्यांना चटका बसतोय हे कळतच नाही. "अजून वाढवा, काही लागत नाय," असं म्हणणाऱ्या माणसाचा करंट वाढवायचा नाही, त्याच्या पायाची संवेदना कापसाने आणि टोचून तपासायची. पॅड काढल्यावर त्वचा बघायची. थोडी लाली वीस-पंचवीस मिनिटांत जाते. फोड किंवा गडद डाग म्हणजे चुकलं.

आता सगळ्यात मोठा धोका. सध्या जिममध्ये सगळ्या अंगाला करंट देणारे जॅकेट-पँटसारखे सूट आलेत. वीस मिनिटांत दोन तासांचा व्यायाम, अशा जाहिराती. धडधाकट माणसांच्याही बाबतीत पहिल्याच दिवशी जास्त करंट घेतल्याने स्नायू मोठ्या प्रमाणात फुटल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. स्नायू फुटला की आतलं लाल द्रव्य आणि पोटॅशिअम रक्तात येतं. धडधाकट माणसाची लघवी कोकमाच्या सरबतासारखी गडद होते, तो घाबरून डॉक्टरांकडे जातो, सलाइन लावून ते धुऊन काढतात. डायलिसिसच्या माणसाला लघवीच होत नाही, झाली तर दोन चमचे. त्याला धोक्याचा रंग दिसणारच नाही आणि सलाइन देऊन धुताही येणार नाही. वाढलेलं पोटॅशिअम तोवर थेट हृदयावर. म्हणून तो सूट डायलिसिसच्या माणसाने अंगाला लावू नये, फुकट मिळाला तरी. मांड्यांपुरते पॅड, कमी करंट, हळूहळू वाढ, एवढंच.

पोटॅशिअमचा विषय निघाला की मला काकांचे बेदाणे आठवतात. स्वतःच्या बागेतले, स्वतःच्या रॅकवर वाळवलेले, आणि त्यांनाच वर्ज्य, कारण बेदाण्यात पोटॅशिअम ठासून भरलेलं. व्यायाम सुरू झाला, अंगात जरा जीव आला, की माणूस "आता दोन खाल्ले तर काय होतंय" म्हणतो. होतं. ताकदीसाठी प्रथिनं हवीत, सुकामेवा नको. अंड्याचा पांढरा भाग सगळ्यात सोयीचा. शाकाहारी घरात किती डाळ, किती पनीर, हे रक्ताचे रिपोर्ट समोर ठेवून आहारतज्ज्ञांनीच ठरवावं, कारण त्यात फॉस्फरसचा, म्हणजे किडनी बंद पडली की रक्तात साचणाऱ्या क्षाराचा, हिशेब येतो.

हा व्यायाम डायलिसिसच्या पहिल्या दोन तासांत करायचा. पुढच्या तासांत बरंच पाणी निघून गेलेलं असतं, बीपी कधीही खाली येतं, पोटरीत गोळे येतात. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, मग वीस-तीस. मध्ये बीपी बघायचं. चक्कर, छातीत दुखणं, घाम आला तर बंद. आणि घरी मशीन आणून लावायची घाई नको, निदान पहिले काही आठवडे तरी समोर जाणकार माणूस हवा.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे आज कितीतरी घरांना डायलिसिस परवडतं, आणि जिवाची मोठी काळजी मिटते. माझी तळमळ त्यापुढची आहे. जीव वाचला, आता तो माणूस उठून दारापर्यंत जावा. तुमच्या सेंटरमध्ये करंटची मशीन नसली तरी डॉक्टरांना विचारून पडल्या-पडल्या गुडघा सरळ करून दहा आकडे धरून ठेवणं, टाचा खालीवर करणं, घरी खुर्चीतून उठबस, हे आजच सुरू करता येतं. मशीन असेल तर विचारा: माझ्या हृदयाला हे चालेल का, पायाची संवेदना तपासली का, पॅड माझा स्वतःचाच आहे ना.

काकांचं पंधरा आठवडे चाललं. पहिल्या महिन्यात काहीच फरक दिसला नाही, मुलगा कंटाळला, काका म्हणाले असू दे. मग मांडीला बोट लावलं की स्नायू हाताला लागायला लागला. आठव्या-नवव्या आठवड्यापासून करंटची वेळ कमी केली आणि तेवढी मिनिटं खुर्चीसमोर पेडल ठेवलं. मध्ये एकदा ताप आला आणि दोन आठवडे सगळं थांबलं, तेव्हा कमावलेलं अर्धं गेलं असं वाटलं. पण परत यायला पहिल्याइतका वेळ लागला नाही.

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत एका दुपारी त्यांचं डायलिसिस संपलं. मुलगा खाली औषधाच्या दुकानात गेला होता. सिस्टरने पट्टी बांधली. काकांनी डाव्या हातावर उजवा हात धरला, पाय खुर्चीच्या जवळ ओढले, जरा पुढे झुकले, आणि उठले. क्षणभर तसेच उभे राहिले, चक्कर येत नाही ना याचा अंदाज घेत. मग काट्याकडे चालत गेले आणि वजन झाल्यावर मला विचारलं, "शुक्रवारचं सिटिंग शनिवारी होईल का? शुक्रवारी बागेत माणसं यायची हायत, त्यांच्या म्होरं उभं राहायला पायजे."

सिटिंग त्यांना डॉक्टरांना विचारून बदलून मिळालं.